काकांचं गुरुबळ

गावाच्या ग्रुपवर सकाळी सव्वासहाला मेसेज पडला, "जोशीकाका गेले." खाली एकानं हात जोडले, मग पन्नास जणांनी हात जोडले, आणि थोड्या वेळानं श्रद्धांजलीचं ते नेहमीचं पोस्टर आलं. त्यातला काकांचा फोटो कुणाच्यातरी लग्नातून कापून घेतलेला होता, कडेला अंतरपाटाचं टोक दिसत होतं. दुसरा फोटो मिळाला नसणार. पंचक्रोशीतल्या घराघरातल्या अल्बममध्ये काका आहेत, पण कुठं अर्धं डोकं, कुठं पंचांग धरलेला हात, कुठं नवरदेवाच्या फेट्याआडून नुसता चष्मा.

पितृपक्ष चालू होता. बाहेर पाऊस म्हणजे काय पाऊस, यंदा २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, सोयाबीन पाण्यात, नद्या रस्त्यावर. मी संभाजीनगरहून निघाले तेव्हाच कळलं होतं की माती काही मिळत नाही, गेवराईच्या पुढं गाडी तासभर नुसती उभी होती. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पारावर बसलेली म्हातारी माणसं बोलत होती की बगा, माणूस गेला ते पण लग्नाची तिथ नसताना गेला, कुणाचं काही अडवलं न्हाई, तुळशीच्या लग्नानंतर गेला असता तर किती जणांची पंचाईत झाली असती. हे कौतुकानं चाललं होतं. आमच्याकडं कौतुक असंच करतात.

काका म्हणजे आमच्या गावचे जोशी. अंबाजोगाईहून केजकडं जाताना आत वळलं की आमचं गाव, तिथली आणि आजूबाजूच्या दहाबारा वाड्यांची लग्नं तेच लावायचे. लिंगायतांकडं जंगम महाराज, बौद्धवाड्यात त्यांचे बौद्धाचार्य, बाकी सगळीकडं काका. जन्म रझाकाराच्या सालातला, म्हणजे १९४८ च्या आसपास, नक्की तारीख त्यांच्या आईलाच माहीत नव्हती. दुसऱ्यांच्या पोरांच्या पत्रिका मिनिटासकट मांडणाऱ्या माणसाला स्वतःची पत्रिका नव्हती! वडिलांच्या वेळचं घटिकापात्र घरी होतं, तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्यावर सोडली की हळूहळू भरत बरोबर चोवीस मिनिटांनी बुडणार. लहानपणी आम्ही पोरं ती बुडायची वाट बघत बसायचो, आणि काका म्हणायचे अशा साठ वाट्या बुडाल्या की एक दिवस संपला, जा आता घरी, अभ्यास करा.

आधी लुना होती, मग लुना गेली आणि मागं कुणाच्यातरी बाईकवर बसून यायला लागले. पिशवीत पंचांग, सोवळं, पानाचा डबा, आणि गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स. ते झेरॉक्सचं पुढं सांगते.

लग्नात काकांचा एक ठरलेला आयटम असायचा. अंतरपाट धरला, मामा मागं उभे राहिले, ज्वारीच्या अक्षता वाटून झाल्या (हो, आमच्याकडं ज्वारीच्या, रंगवलेल्या, माझ्या पुण्याच्या मैत्रिणीच्या केसातून मुंबईपर्यंत ज्वारी गळत होती), की काका मंगलाष्टक सुरू करायच्या आधी नवरदेवाकडं वाकून म्हणायचे, "इथून पलीकडं जालना जिल्ह्यात जांब गाव हाय. तिथलं एक पोरगं सावधान ऐकलं अन् बोहल्यावरून पळालं, पुढं रामदास स्वामी झालं. तुला पळायचं असंल तर आत्ताच सांग, मला आठ कडवी म्हणायचा त्रास नको." मंडप हसायचा. सगळ्यांना पाठ होतं तरी हसायचे. पण त्यानंतर ते अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला यायचे आणि नवरीला काहीतरी विचारायचे, एकदम बारीक आवाजात, ते मागच्या मामालासुद्धा ऐकू जायचं नाही. माझ्या लग्नात कळलं काय विचारतात. "मर्जी हाय ना गं?" एवढंच. मी मान हलवली. तोपर्यंत चारशे पत्रिका वाटून झालेल्या, बस्ता झालेला, बुंदी पडलेली, कोण पोरगी तिथं नाही म्हणणार? मी हे त्यांना नंतर बोलून दाखवलं तर म्हणाले, मला म्हाईत हाय, पण इचारायला काय जातंय.

माझं लग्न २०१८ च्या मे महिन्यात झालं. तिथ बारा वाजून बत्तीस मिनिटांची. आता मराठवाड्यातल्या लग्नात बारा बत्तीस म्हणजे काय ते मराठवाड्यातल्यांना सांगायची गरज नाही. पावणेदोन झाले तरी सूत्रसंचालक माईकवर अमक्या सभापतींचं स्वागत, तमक्या चेअरमनचं स्वागत, टॉवेल-टोपी, फेटा, नारळ, आणि सगळे थांबले कशासाठी तर एक मोठे साहेब येणार होते आणि ते अजून दुसऱ्या तालुक्यात तिसऱ्या लग्नात होते. माझे सासरे घाम पुसतायत, पप्पा सोयऱ्यांना हात जोडतायत, त्रेचाळीस डिग्रीत लहान लेकरं रडतायत. काका उठले, सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला. म्हणले, "अंबाजोगाईचा हत्तीखाना बघितलाय का सगळ्यांनी? आपली योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला कोकणातून आली होती. मुहूर्त टळला. देवी इथंच राहिली, वैजनाथ तिकडं राहिला, अन् वऱ्हाड जाग्यावर दगड झालं, ते दगड अजून हत्तीखान्यात हायेत. साहेब सावकाश येऊ द्या. पण तोवर कुणाकुणाला दगड व्हायचंय त्यांनी हात वर करा."

दोन मिनिटांत अंतरपाट धरला गेला. साहेब आले ते आइस्क्रीम संपताना.

ऑर्केस्ट्रावाल्यांवर पण त्यांचा राग होता. हल्ली सिंगर बोलवतात ना, फिल्मी चालीवर अकरा-बारा मंगलाष्टकं, प्रत्येक कडव्यात चुलत्याचं नाव, भावकीचं नाव. काका म्हणायचे अष्टक म्हणजे आठ, शाळेत गेलते का न्हाई? आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारनं पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न असा नियम काढला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात खूश झालेला हा एकच माणूस असेल, दोन तास कशाला मला पाऊण तास पुरंल म्हणाले.

हे सगळं मजेचं झालं. खरं मला जे सांगायचंय ते आक्काचं आहे.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, पण घरातली थोरली पोरगी म्हणून सगळ्यांची आक्का. आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी मनापासून लिहितेय, माझा प्रत्येक पेपर तिच्या वहीवरून पास झालाय. चुलता ऊसतोडीला जायचा. आमच्या बीड जिल्ह्यात हे कुणाला नवीन नाही, दिवाळी झाली की गावच्या गाव रिकामं, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणायचं. माणसाला कोयता म्हणतात आमच्याकडं, अमक्याचे किती कोयते गेले असं विचारतात. जोडी असली तर कोयता, एकट्याचा अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न केलं की एक कोयता वाढतो, आणि पोरीला सहा महिने एकटीला गावात म्हाताऱ्यांपाशी ठेवायची भीती वाटते म्हणून तिचं पण उरकून टाकतात. २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांत दहातल्या चारपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पेपरात आकडा वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, मी आमचा दहावीचा वर्ग मोजला होता.

२००८ च्या अक्षय तृतीयेला आक्काचं ठरलं. नववीची परीक्षा झाली होती, वय पंधरा. चुलता काकांकडं गेला तर काका म्हणाले शाळेचा दाखला आण, मग तिथ धरतो. चुलता म्हणाला दाखला कशाला, पोरगी तुमच्या डोळ्यासमोर वाढली. काका म्हणाले म्हणूनच म्हाईत हाय मला, नववीत हाय ती, मी लावणार न्हाई, कायद्यात लग्न लावणाऱ्यालाबी आत टाकतात. भांडण झालं. चुलता पारावर चार माणसांत काकांना नाही नाही ते बोलला. आणि लग्न झालंच. लांबच्या गावाहून दुसरा कुणी आणला, शेतात, रात्री, बॅटरीच्या उजेडात, वाजंत्री नाही काही नाही. मी तिची करवली होते. मला नवीन ड्रेस मिळाला होता आणि खोटं कशाला बोलू, मी ड्रेसच्या आनंदात होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाकावर मी एकटी.

पुढच्या वर्षी माझी पाळी. दहावीचा निकाल लागला, ६८ टक्के, आणि आठच दिवसांत आत्या स्थळ घेऊन आली. धारूरकडचं, पोरगा कारखान्याला ट्रॅक्टर चालवतो, माळकरी, जमीन आहे, हुंडा मागत नाहीत. पप्पा तयार. पत्रिका बघायला काकांना बोलावलं. मला अजून दिसतंय, ते ओसरीवर बसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, दाते पंचांग मांडीवर, बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजतायत, आणि मम्मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. बराच वेळ मोजलं. मग पंचांग मिटलं.

"पोरीला गुरुबळ न्हाई."

पप्पांनी विचारलं, कधी येतंय?

"तीन वर्षं न्हाई. २०१२ नंतर बघा."

आत्या म्हणाली शांती करून घेऊ की. काका म्हणाले, "ह्या गुरूला शांती चालत न्हाई. जबरदस्ती केली तर नवऱ्याच्या जिवाला बरं न्हाई." झालं. नवऱ्याच्या जिवाला म्हणल्यावर आत्यानं चहा पण पूर्ण पिला नाही. मी माजघरात बसून रडत होते. मला वाटलं माझं नशीबच फुटकं, आता गावात सगळीकडं होणार की हिला गुरुबळ नाही. मम्मी आत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली अंबाजोगाईला अकरावीचे फॉर्म सुटलेत म्हणे. तिचं तोंड मला तेव्हा वाचता आलं नाही.

तीन वर्षांत माणसाचं काय काय होतं. बारावी झाली, बीएस्सीला गेले, पप्पांनाच माझ्या मार्कांचा नाद लागला, आणि २०१२ कधी येऊन गेलं ते घरात कुणाच्या लक्षात पण राहिलं नाही.

आता झेरॉक्सचं. लग्नाची सरकारी नोंदणी करायची तर फॉर्मवर नवरा-बायकोची, साक्षीदारांची सही लागते तशी लग्न लावणाऱ्या पुरोहिताची पण लागते. आम्ही आळशी, नोंदणी केलीच नव्हती, २०२२ मध्ये ह्यांच्या पासपोर्टसाठी अडलं म्हणून काकांकडं सही घ्यायला गेले. काकांनी सही केली, न सांगता आधारची झेरॉक्स काढून दिली, आणि फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या कागदावर पोरीचं वय लिहावं लागतंय. म्हणून मला हा कागद लई आवडतो."

तेव्हा मी विचारलं. कारण मधल्या काळात मला एक शोध लागला होता. बँकेत लंच टाइमला एक मॅडम मुलीच्या लग्नासाठी पंचांग घेऊन बसायच्या, त्यातून मी सहज वाचलं होतं. गुरू एका राशीत साधारण एक वर्ष असतो, बारा वर्षांत फेरी पूर्ण. जन्मराशीपासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा चांगला. पहिला, तिसरा, सहावा, दहावा असला तर शांती करून चालतो. अडतो तो फक्त चौथा, आठवा आणि बारावा. म्हणजे चौथ्यानंतर लगेच पाचवा, आठव्यानंतर नववा. नीट बघा, सलग तीन वर्षं गुरुबळ नाही असं कुणाच्याच पत्रिकेत होऊ शकत नाही. शांतीलाही न चालणारा म्हणजे जास्तीत जास्त वर्षभराचा मामला. गणितात आक्काची वही बघून पास झालेल्या मला पण हे कळलं.

मी म्हणलं, काका, माझं गुरुबळ तीन वर्षं कसं काय नव्हतं हो?

काका हसलेच नाहीत आधी. पान लावत बसले. मग म्हणाले, कुणी सांगितलं तुला? म्हणलं पंचांगातच लिहिलंय. म्हणाले, "पंचांग घरोघरी हाय गं. वाचतं कोण?"

मग बोलले ते मी जसं आठवतंय तसं लिहितेय. म्हणाले, तुझ्या आक्काच्या वेळी मी सरळ बोललो. कायदा सांगितला. सरळ बोललं की माणूस उठून दुसरा भटजी बघतो. गुरूच आडवा घातला तर दुसरा गुरू कुठून आणणार? मी विचारलं किती जणींना असं सांगितलं, तर म्हणाले मोजलं न्हाई. मी म्हणलं म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता. म्हणाले व्हय. पोथीवर हात ठेवून खोटं बोललो, त्याचं काय व्हायचं ते वर गेल्यावर बघू.

आणि मग, मी काही न विचारता, म्हणाले की आक्काच्या लग्नाच्या रात्री मला ठावं होतं शेतात काय चाललंय. पोलीसपाटलाचं घर चार घरं सोडून होतं. गेलो न्हाई. दार लावून बसलो. तुझ्या चुलत्याकडनं सालाचा जोंधळा यायचा आमच्या घरी.

यावर मी काय बोलणार. चहा आला, तो पिला.

मला काकांना देवमाणूस वगैरे करायचं नाहीये, पोस्टरवर तसं लिहिलंय ते असू दे. अख्खं आयुष्य त्यांनी आमच्या कुणाच्या घरचं शिजलेलं अन्न खाल्लं नाही, शिधा घ्यायचे, डाळ-तांदूळ-गूळ-पीठ, घरी नेऊन शिजवायचे, आणि लहानपणी मला त्याचं काही वाटायचं नाही पण आता वाटतं. गावातल्या एका पोरानं दुसऱ्या जातीतली पोरगी केली, दोघं सज्ञान, दोघांची मर्जी, ते काकांच्या पाया पडले तर काकांनी मला गावात राहायचंय म्हणून हात वर केले. त्यांनी शेवटी कोर्टात केलं. तिथं काकांना कुठलाच गुरू सापडला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही आणि आता राहिलंच.

तेराव्याला गेले होते. काकांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याला यातलं काही येत नाही, घटिकापात्र कुणाला द्यायचं म्हणून विचारत होता. मी मागं स्वयंपाकघरात बायांत बसले. पुऱ्या लाटता लाटता कुणीतरी विषय काढला की काकांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, हिला दोन वर्षं गुरुबळ नाही. दुसरी म्हणाली अगं मला पण, अडीच वर्षं. तिसरी, जी आता अंगणवाडी सेविका आहे, म्हणाली मला तर साडेसाती सांगितली होती, पोरीच्या लग्नात साडेसातीचा काय संबंध ते मला आजपर्यंत कळलं न्हाई. लाटणी थांबली. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. वयं मोजली गेली, साल मोजली गेली. आणि मग ज्या काही हसायला लागल्या, तेराव्याच्या घरात, काकू बाहेरून आल्या काय झालं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नाही. बहुतेक त्यांना माहीत असावं.

आक्का पण आली होती. ती हसली नाही, पीठ मळत राहिली.

निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिची थोरली पोरगी यंदा दहावीला आहे. पंधरा वर्षांची. आक्का सतरा वर्षांची असताना झालेली, हिशोब तुमचा तुम्ही करा. म्हणाली, दाजींच्या डोक्यात स्थळ घोळायलंय, परीक्षा झाली की बघू म्हणत्यात, पोरगा चांगला हाय म्हणत्यात. मग थोडं थांबून म्हणाली, "ते गुरुबळ कसं मोजत्यात गं? मला शिकव."

मी तिला तिथंच, गाडीच्या बॉनेटवर, पावसाच्या थेंबात बोटानं रेघा ओढून बारा घरं दाखवली. तिला एकदा सांगून कळलं. मी म्हणलं ना, ती हुशार होती. पोरीची रास विचारली, दोघींनी मोजलं. येणारं वर्ष चांगलं, त्याच्या पुढचं शांती करून चालणारं, अडणारं एकही निघालं नाही! आक्का गप्प झाली. म्हणाली मी सांगितलं तर ऐकणार न्हाईत, म्हणतील बाईला काय कळतंय.

त्या रात्री संभाजीनगरला पोचल्यावर मी दाजींना फोन लावला. (दाजी असलं काही वाचत नाहीत, त्यांच्या मोबाईलवर फक्त रील आणि कांद्याचा भाव, म्हणून बिनधास्त लिहितेय.) इकडचं तिकडचं बोलले, काकांचं बोलले, किती मोठा माणूस गेला, दाजी म्हणाले व्हय व्हय, असा जोशी होणे न्हाई. मग म्हणलं, दाजी, एक सांगायचं राहिलं. काकांनी जायच्या आधी आपल्या पोरीची पत्रिका बघून ठेवली होती, मला निरोप द्यायला सांगितला होता. तिला गुरुबळ नाही. तीन वर्षं.

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही.

"तीन वर्षं? लईच झालं की."

म्हणलं, "गुरू सावकाश चालतो, दाजी."